फाईल डिलीट केली, मग जागा कुठं गेली?

सोलापुरात सिद्धेश्वर यात्रेच्या, म्हणजे गड्ड्याच्या, दिवसात आमच्या घरी पाहुणे मावत नाहीत, यंदा फोटोपण मावले नाहीत.

माझ्याकडं एक जुना लॅपटॉप आहे, स्क्रीन फुटलेली, बॅटरी फुगली म्हणून काढून टाकलेली, तो कपाटात राऊटरशेजारी इन्व्हर्टरवर चोवीस तास चालू असतो आणि घरातल्या सगळ्यांचे फोटो, पप्पांच्या चादरीच्या दुकानाची बिलं, असलं सगळं त्याच्यावर. दर महिन्याला क्लाउडचं भाडं भरण्यापेक्षा घरचा सर्व्हर बरा, एवढाच हिशोब. तर अक्षता सोहळ्याच्या दिवशी संमती कट्ट्याजवळून बहिणीचा फोन, "दादा, फोटो चढंनात बघ, नुसतं गोल फिरायलंय." मी म्हटलं तिथं एवढ्या गर्दीत रेंज कुणाला मिळते, घरी ये मग बघू. घरी आली, वायफायवरपण तेच गोल.

स्क्रीन फुटलेल्या मशीनमध्ये शिरायला दरवाजा एकच, एसएसएच, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून नेटवर्कनं कमांड द्यायचा सुरक्षित रस्ता. हे 1995 साली फिनलंडमध्ये टाटू युलोनेन नावाच्या माणसानं लिहिलं, त्यांच्या युनिव्हर्सिटीच्या नेटवर्कवर कुणीतरी चोरून पासवर्ड वाचत होतं म्हणून. त्याआधी लोक टेलनेट वापरायचे आणि त्यात पासवर्ड पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा उघडा जायचा. पोर्ट म्हणजे मशीनच्या दारांचे नंबर. टेलनेटचा पोर्ट 23, फायली पाठवणाऱ्या एफटीपीचा 21, मधला 22 मोकळा होता, तो यानं मागून घेतला आणि आजपण तोच आहे.

आत गेलं की कमांड टाइप करायची काळी खिडकी, आणि ती बहुतेक वेळा 80 अक्षरं रुंद असते. का 80? आयबीएमनं 1928 साली काढलेल्या भोकांच्या कार्डावर 80 उभे रकाने होते, पुढं स्क्रीन आले तरी तीच रुंदी चालत आली. आणि भोकं पाडलेल्या कार्डानं मशीन चालवायची कल्पना त्याहून जुनी, फ्रान्समधल्या जकार्डच्या मागाची, 1804 ची. सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या जकार्डवर उठते तोच हा. पप्पांना हे सांगितल्यापासून ते माझ्या काळ्या खिडकीकडं जरा आदरानं बघतात.

असो. पहिली कमांड नेहमीची, "डीएफ -एच". डिस्क किती भरली ते सांगते. उत्तर आलं 100 टक्के.

इथं एक गंमत आहे. डिस्क 240 जीबीची, पण 228 भरल्या की डीएफ शंभर टक्के म्हणतो. या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स आहे, त्याची ईएक्सटी4 फाईल सिस्टिम (डिस्कवर फायली मांडायची पद्धत) बनवताना 5 टक्के जागा रूट यूजरसाठी, म्हणजे मशीनच्या मालकासाठी, राखून ठेवलेली असते, तुम्ही बदललं नाही तर. म्हणजे माझ्या डिस्कवर 12 जीबी. ती राखीव टाकी असते म्हणून तर डिस्क भरल्यावरपण मालकाला आत शिरून साफसफाई करता येते, नाहीतर घरात सामान एवढं भरलं की दारच उघडंना, अशी गत. फोटोवालं ॲप मात्र साध्या यूजरनं चालतं, त्याला त्या 12 मधलं काही मिळत नाही, म्हणून गोल फिरायलंय.

आता खाल्लं कुणी? त्यासाठी "डीयू", तो एकेका फोल्डरात जाऊन बेरीज करतो, आणि त्याचं उत्तर पाईपनं "सॉर्ट"ला दिलं की सगळ्यात जाडा फोल्डर शेवटी येतो. पाईप म्हणजे दोन कमांडच्या मधली ती उभी रेघ. बेल लॅब्सच्या डग मॅकिलरॉयनी 1964 साली एका टिपणात लिहिलं होतं की प्रोग्रॅम एकमेकांना बागेतल्या पाण्याच्या पाईपसारखे जोडता यायला पाहिजेत, लागेल तसा पुढचा तुकडा जोडायचा. प्रत्यक्षात यायला 1973 उजाडलं, तेव्हा तिथल्याच केन थॉम्प्सननी ते युनिक्समध्ये, म्हणजे लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनलं त्या सिस्टिममध्ये, बसवलं. आता पाण्याचे पाईप जोडायचं सोलापूरकरांना शिकवायला नको, काही दिवसांआड नळ येणार, तेवढ्यात मोटर लावून खालची टाकी, वरची टाकी, बॅरल, सगळं भरून घ्यायचं. हा पाईपपण तसाच चालतो, दोन्ही प्रोग्रॅम एकाच वेळी सुरू असतात, मध्ये लिनक्समध्ये 64 केबीची छोटी टाकी असते, ती भरली की मागचा थांबतो, पुढच्यानं उपसली की परत सोडतो. फक्त सॉर्टची अडचण अशी की शेवटची ओळ हातात आल्याशिवाय त्याला पहिली कुठली ते ठरवता येत नाही, म्हणून तो बराच वेळ गप्प बसतो आणि नवीन माणसाला वाटतं हँग झालं.

सापडली. फोटोवाल्या ॲपची एकच लॉग फाईल (ॲप काय काय करतंय याची नोंदवही), 60 जीबी. घरातल्या सगळ्या लग्नांचे व्हिडिओ मिळून तेवढे होत नाहीत! "टेल" मारून शेवटच्या ओळी बघितल्या तर तीच तीच एरर, एका फोनवरचा अर्धवट राहिलेला व्हिडिओ चढवायचा प्रयत्न, फेल, लगेच परत प्रयत्न, परत फेल. एक ओळ साधारण 200 बाइटची धरली तर 60 जीबी म्हणजे 30 कोटी ओळी, सेकंदाला 500 च्या हिशोबानं आठवडाभराचं काम.

आणि मी काय केलं, घाईत "आरएम", म्हणजे डिलीटची कमांड, मारला. फाईल गेली. परत डीएफ बघितला, 100 टक्के. परत बघितला. 100 टक्के. डीयू मात्र म्हणतोय 60 जीबी कमी झाले. दोघंही खरं बोलतात आणि दोघांचं जमत नाही.

फाईलचं नाव आणि फाईल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोल्डर म्हणजे नुसती वही, त्यात डाव्या बाजूला नाव आणि उजवीकडं एक नंबर. त्या नंबरला आयनोड म्हणतात, फाईल किती मोठी, कुणाची, डिस्कवर कुठल्या कुठल्या ठिकाणी पसरलेली आहे, ही खरी माहिती आयनोडकडं असते, नाव सोडून सगळी. पप्पांच्या गोदामाचं उदाहरण घ्या. वहीत लिहिलंय "लाल चादरी, रॅक 41". आरएमनं फक्त वहीतली ओळ खोडली. पण एक पोऱ्या आधीच रॅक 41 समोर उभा राहून माल रचतोय, त्याला वही लागतच नाही, जागा माहीत आहे. तो तिथनं हलत नाही तोवर रॅक रिकामा झाला असं कोण म्हणणार? लिनक्सपण असंच बघतो, या आयनोडला किती नावं उरली आणि किती प्रोग्रॅमनी ती फाईल उघडून धरली आहे, दोन्ही शून्य झाले तरच जागा मोकळी. डीयू वही वाचत फिरतो म्हणून त्याला रॅक 41 दिसतच नाही. डीएफ वही बघत नाही, थेट वॉचमनला विचारतो, बाबा रॅक किती रिकामे? माझं ॲप तो पोऱ्या होता, नाव गेलेली फाईल ते अजून उघडी धरून बसलं होतं.

असले पोऱ्ये पकडायला "एलएसओएफ" आहे, उघडलेल्या फायलींची यादी देतो. त्याला "+एल1" सांगितलं की नाव न उरलेल्या तेवढ्याच दाखवतो. एक ओळ आली, पुढं आकडा, शेवटी कंसात डिलीटेड. ॲप रीस्टार्ट केलं, डीएफ 74 टक्क्यांवर आला आणि कपाटातला फॅन एकदम शांत झाला.

आरएमऐवजी "ट्रंकेट -एस 0" मारला असता तर ही भानगड झालीच नसती, त्यात नाव राहतं, आयनोड तोच राहतो, आतला मजकूर तेवढा शून्य होतो आणि ॲपला रीस्टार्टपण करावं लागत नाही. हे मला माहीत होतं, वाचलेलं होतं, पण दारात बहीण फोन हातात घेऊन उभी असली की वाचलेलं आठवत नाही. आता "लॉगरोटेट" लावून टाकलाय, तो लॉगचं नाव बदलून बाजूला ठेवतो, जुने दाबून लहान करतो, फार जुने उडवतो. त्याच्या सेटिंगमध्ये नाव बदलल्यावर ॲपला हाक मारायची एक ओळ असते, ती लोक फालतू समजून काढून टाकतात. काढू नका, नाव बदललं तरी ॲप जुन्याच आयनोडमध्ये लिहीत राहणार, कारण तेच, पोऱ्याला वही लागत नाही.

त्या दिवशी "टॉप"मध्ये, म्हणजे मशीनवर काय काय चालू आहे ते दाखवणाऱ्या कमांडमध्ये, अजून एक बघितलं, लोड ॲव्हरेज (सरासरी किती प्रोग्रॅम कामात किंवा रांगेत आहेत) 11 आणि सीपीयू मात्र बऱ्यापैकी निवांत. चार कोअरच्या मशीनवर 11 म्हणजे घाम फुटायला पाहिजे. पण लिनक्स त्या आकड्यात सीपीयूची वाट बघणाऱ्यांसोबत डिस्कची वाट बघत अडकलेले प्रोग्रॅमपण मोजतो. माझे सगळे डिस्कच्या रांगेत होते. त्यामुळं लोड वाढला की लगेच नवीन मशीन घ्यायला पळू नये, आधी रांग कशाची आहे ते बघावं.

आता "क्रॉन"ला, म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्याला, सांगून ठेवलंय, रोज सकाळी सात वाजता डीएफ बघायचा आणि 85 च्या वर गेला तर मला मेसेज टाकायचा. आणि सोबत "डीएफ -आय"पण, तो जागा न मोजता आयनोड मोजतो. ईएक्सटी4 फॉरमॅट करतानाच साधारण दर 16 केबीला एक आयनोड, असे मोजून ठेवते, माझ्या डिस्कवर दीड कोटीच्या आसपास, आणि ते नंतर वाढत नाहीत. फोटोवालं ॲप प्रत्येक फोटोचे तीन-चार छोटे फोटो बनवून ठेवतं, म्हणजे रॅक रिकामे पण वहीतले नंबर संपले असंपण होऊ शकतं, एरर मात्र तीच, डिस्कवर जागा नाही. सध्या 9 टक्के वापरलेत. बहिणीनं त्या रात्री 1,400 फोटो चढवले, त्यातले निम्मे यात्रेच्या मिरवणुकीतल्या नंदीध्वजाचे नसून स्वतःचे होते.