पवनचक्की कुणाच्या मालकीची, यावर सगळं ठरतं

रिन्यूएबल एनर्जीचा विषय निघाला की सगळे किती मेगावॅट बसवले तेवढंच सांगतात, पण ते मेगावॅट कुणाचे हे कोणी विचारत नाही आणि मला तर तोच खरा प्रश्न वाटतो. वारा, ऊन फुकट, इंधनाचा खर्चच नाही, म्हणजे कर्जाचे हप्ते आणि मेंटेनन्स वजा जाता जे उरतं ते मालकाच्या खिशात. मालक बाहेरची कंपनी असेल तर गावाच्या वाट्याला जमिनीचं भाडं, थोडाफार टॅक्स आणि मोजक्या नोकऱ्या येतात, आणि मालक तिथलेच लोक असतील तर नफाही तिथेच राहतो, तिथेच खर्च होतो.

ही गोष्ट सोलरच्या आधीपासूनची आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत दहातल्या जेमतेम एका शेतावर वीज होती, कारण लांब लांबच्या शेतांपर्यंत तारा ओढणं खाजगी कंपन्यांना परवडणारं वाटत नव्हतं. १९३५ मध्ये सरकारने रूरल इलेक्ट्रिफिकेशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशन काढलं, त्यातून स्वस्त कर्जं मिळाली आणि शेतकऱ्यांनी को-ऑपरेटिव्ह काढून स्वतःच लाइन टाकल्या. तिथल्या शेकडो वीज को-ऑपरेटिव्ह आजही चालू आहेत.

पण पवनऊर्जेत हे खरं रुजलं ते डेन्मार्कमध्ये. १९७३ चं तेलसंकट आलं तेव्हा हा देश ऊर्जेसाठी जवळजवळ पूर्णपणे बाहेरून येणाऱ्या तेलावर जगत होता, त्यामुळे झळ प्रत्येक घराला बसली. मग लोक स्वतःच कामाला लागले. क्रिस्तियान रीसागर नावाच्या एका सुताराने छोट्या पवनचक्क्या बनवून त्या ग्रिडला जोडल्या, आणि त्विंडच्या शाळेत तर शिक्षक, विद्यार्थी आणि मदतीला आलेल्या लोकांनी मिळून चक्क २ मेगावॅटची पवनचक्की उभी केली, ती १९७८ मध्ये सुरू झाली. १९७९ पासून सरकारने पवनचक्कीच्या खर्चाच्या ३० टक्के सबसिडी द्यायला सुरुवात केली, शेजारीपाजारी एकत्र येऊन एक चक्की घ्यायला लागले. नियम असा होता की सभासद त्याच भागात राहणारा पाहिजे आणि शेअरही घरच्या वीजवापराच्या हिशोबातच घ्यायचे. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो, कारण मोठा पैसेवाला येऊन सगळं उचलून नेऊ शकत नव्हता. २००० पर्यंत एक लाखाच्या आसपास कुटुंबांचा पवनचक्क्यांत हिस्सा होता आणि त्याच वर्षी कोपनहेगनसमोर समुद्रात मिडेलग्रुंडेनच्या २० चक्क्या सुरू झाल्या, त्यातल्या निम्म्या साडेआठ हजारांवर सभासदांच्या को-ऑपरेटिव्हच्या. डेन्मार्कच्याच साम्सो बेटावरही तेच, तिथे शेतकरी, शेअरहोल्डर आणि नगरपालिका असे सगळे मिळून मालक झाले.

जर्मनीत निमित्त वेगळं होतं. १९८६ च्या चेर्नोबिल अणुदुर्घटनेनंतर श्योनाउ या छोट्या गावातल्या पालकांनी अणुवीज नको म्हणून चळवळ सुरू केली, ती इतकी वाढली की दोनदा मतदान जिंकून १९९७ मध्ये त्यांनी गावाचं वीजजाळंच विकत घेतलं. तोवर १९९१ पासून कायद्याने वीज कंपन्यांना वारा-ऊन यांपासून बनलेली वीज ठरलेल्या दराने घ्यावीच लागत होती, २००० च्या कायद्याने तो दर २० वर्षांसाठी पक्का केला. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथेच पडला. उत्पन्न आधीच माहीत असेल तर छोट्या सोसायटीलाही बँक कर्ज देते, नसेल तर दारातसुद्धा उभं करत नाही. म्हणूनच २०१७ पासून मोठ्या प्रोजेक्टना ठरलेल्या दराऐवजी लिलाव लागू झाला, म्हणजे जो कमी दरात वीज द्यायची बोली लावेल त्यालाच काम, तेव्हा छोट्यांची पंचाईत झाली, बोली हरली तर सर्व्हे-परवानग्यांवर घातलेला पैसा बुडाला, आणि असे दहा प्रोजेक्ट हातात ठेवून जोखीम वाटून घेणं मोठ्या कंपनीलाच जमतं. २०१८ मध्ये युरोपियन युनियनने लोकांच्या ऊर्जा समूहांना कायद्यात जागा दिली, जी खरं तर आधीच द्यायला हवी होती.

आणि एग. स्कॉटलंडजवळचं साधारण शंभर वस्तीचं बेट, मुख्य ग्रिडला जोडलेलंच नाही, घरोघरी डिझेल जनरेटर चालायचे आणि डिझेलचा पैसा बेटाबाहेर जायचा. १९९७ मध्ये रहिवाशांच्या ट्रस्टने बेट विकत घेतलं आणि २००८ मध्ये पाणी, वारा, ऊन यांच्यावर चालणारं स्वतःचं ग्रिड सुरू केलं. प्रत्येक घराला एका वेळी ५ किलोवॅट, त्याच्यावर गेलं की लाइन ट्रिप, म्हणजे केटल आणि वॉशिंग मशीन एकदम लावताना आधी विचार करायचा. पण नियम सगळ्यांना सारखा, म्हणून लोक पाळतात. दुरुस्ती ट्रेनिंग घेतलेले बेटावरचेच लोक पगार घेऊन करतात आणि वारा जोरात असला की जास्तीची वीज गावाच्या हॉलच्या हीटरमध्ये जाते.