आकडा गुपचूप चुकतो तेव्हा: डेटा ऑब्झर्व्हेबिलिटीची पार्श्वभूमी

२०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोरोनाचे १५,८४१ रुग्ण सरकारी मोजणीतून गळाले. कुठला संगणक बंद पडला नव्हता की कुणी डेटा चोरला नव्हता. प्रयोगशाळांकडून आलेल्या फायली ‘पब्लिक हेल्थ इंग्लंड’ एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस साच्यात भरत होती, आणि त्या साच्यात एका शीटवर ६५,५३६ ओळींपुढे काही मावत नाही. एकेका रुग्णाला कित्येक ओळी लागायच्या. साधारण चौदाशे रुग्ण झाले की शीट भरायचं, पुढचे आपोआप बाहेर. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर असा आठवडाभर रोजचा आकडा जाहीर होत राहिला, आणि गळालेल्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध लांबत गेला.

ॲप बंद पडलं तर ग्राहक पाच मिनिटांत फोन करतात. डेटा बिघडला तर डॅशबोर्ड नेहमीसारखाच उघडतो, आलेखही रंगीत दिसतात, फक्त त्यातला आकडा खोटा असतो. डेटा ऑब्झर्व्हेबिलिटीची साधनं, म्हणजे डेटावर सतत नजर ठेवून बिघाडाचा इशारा देणारी सॉफ्टवेअरं, याच दुखण्यावर निघाली. बाजारात ती नवी असली तरी त्यांचं मूळ कारखान्यात आहे.

१६ मे १९२४ रोजी वॉल्टर शूहार्ट या अमेरिकी अभियंत्याने आपल्या वरिष्ठांना जेमतेम एका पानाची टिपणी दिली. तिच्यात एक आकृती होती, पहिला कंट्रोल चार्ट. कल्पना साधी, पण खोल. मर्यादा बाहेरून लादायची नाही. यंत्राच्या नेहमीच्या चढउतारांवरूनच ती काढायची आणि एखादा बिंदू तिच्याबाहेर गेला की जाऊन बघायचं. एखाद्या टेबलात रोज रात्री दोन लाख ओळी येतात आणि आज चाळीस हजारच आल्या, म्हणून पहाटे डेटा इंजिनिअरच्या फोनवर अलर्ट वाजतो; तो बुडाशी शूहार्टचाच चार्ट असतो. रविवारची मंदी आणि दिवाळीची उसळी ओळखण्याइतकं गणित सुधारलं, एवढंच. शूहार्ट स्वतः १९४७-४८ मध्ये इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या निमंत्रणावरून भारतात येऊन गेला होता.

‘ऑब्झर्व्हेबिलिटी’ हा शब्द मात्र दुसऱ्या घरचा. १९६० च्या सुमारास रुडॉल्फ काल्मन या अभियंत्याने नियंत्रणशास्त्रात, म्हणजे यंत्रणा काबूत ठेवण्याच्या शास्त्रात, तो रुजवला: बाहेर येणाऱ्या मोजमापांवरून आतली स्थिती ओळखता येते का? २०१३ मध्ये ट्विटरच्या अभियंत्यांनी तो आपल्या सर्व्हरवरच्या देखरेखीसाठी उचलला आणि पुढे सॉफ्टवेअरच्या जगात तो सर्रास झाला.

मग व्यवसायाच्या डेटाला ही देखरेख इतक्या उशिरा का मिळाली? कारण आधी तिची निकड नव्हती. नव्वदच्या दशकातलं डेटा वेअरहाउस म्हणजे एक मध्यवर्ती कोठार. रात्री माल भरायचा, सकाळी रिपोर्ट काढायचे, आणि कुठलं टेबल कुठून येतं हे सांभाळणाऱ्यांना तोंडपाठ. मोबाइल नंबर दहा आकडी हवा, वय उणे नको, असे हाताने लिहिलेले नियम पुरायचे. हे चित्र क्लाउडने मोडलं. रेडशिफ्ट, बिगक्वेरी, स्नोफ्लेक या क्लाउडवरच्या कोठारांनी साठवण आणि गणन स्वस्त केलं. २०१४ मध्ये एअरबीएनबीत सुरू झालेल्या एअरफ्लोने आणि त्यानंतर डीबीटीने, या दोन साधनांनी, पाइपलाइन (डेटा एका जागेहून दुसरीकडे नेऊन घडवणारी साखळी) रचणं सोपं केलं. ज्याला हवं त्याने टेबल बनवावं. मग टेबलं हजारोंनी झाली, आणि ॲपवाल्या टीममधला जो कुणी एका कॉलमचं नाव बदलतो, त्याच्या गावीही नसतं की फायनान्सचा तिमाही रिपोर्ट त्यावर लटकलाय. नियम तर कुणाला सुचलेली चूकच पकडतात. न सुचलेली चूक बिनबोभाट आत येते.

या फटीत २०१८-१९ च्या आसपास कंपन्या उतरल्या: हॉर्टनवर्क्स या डेटा-सॉफ्टवेअर कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींची ॲक्सेलडेटा, उबरच्या माजी कर्मचाऱ्यांची बिगआय, आणि बार मोझेस व लिओर गाविश यांची मॉन्टे कार्लो. ‘डेटा डाउनटाइम’, म्हणजे डेटा चुकीचा किंवा अपुरा असतो तो काळ, हा शब्द मॉन्टे कार्लोनेच गाजवला. ताजेपणा, आकारमान, मूल्यांची ठेवण, स्कीमा (टेबलाची रचना) आणि लिनिएज हे त्यांचे ‘पाच स्तंभ’. स्तंभ वगैरे विक्रीची भाषा झाली; पहिले चार तर चांगला डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा, आधीही बघायचा. खरी भर पडली ती लिनिएजची, म्हणजे डेटाच्या वंशावळीची. चाललेल्या क्वेरींच्या (डेटाला विचारलेल्या प्रश्नांच्या) नोंदी वाचून ही साधनं कुठल्या कॉलमवरून कुठला रिपोर्ट जन्मला ते आपोआप मांडतात. पूर्वी दोन दिवस चालणारी ‘हे कुठून आलं?’ची विचारपूस त्यामुळे बरीच आटोपते.

खराब डेटाची किंमतही मोठी असते. मे २०२२ मध्ये युनिटी या गेम-सॉफ्टवेअर कंपनीने जाहीर केलं, की एका मोठ्या ग्राहकाकडून आलेला खराब डेटा तिच्या जाहिरात-मॉडेलने गिळला. त्यासह इतर बिघाडांचा वर्षभरातला फटका तिने सुमारे ११ कोटी डॉलर धरला. दुसऱ्या दिवशी शेअर एक तृतीयांशाहून जास्त कोसळला. बँकांवर दट्ट्या नियामकांचा आहे. २०२० मध्ये ४० कोटी डॉलर दंड भरलेल्या सिटीग्रुपला २०२४ मध्ये आणखी सुमारे १३.६ कोटी डॉलर भरावे लागले; डेटाच्या गुणवत्तेत पुरेशी सुधारणा नाही, हे त्यामागचं एक कारण.

साधन आणलं म्हणजे सुटलो, असंही नाही. सगळ्या टेबलांवर पहारा बसवला की दिवसाला शंभर अलर्ट येतात आणि आठवड्याभरात ‘लांडगा आला रे आला’ होतं. शिवाय अलर्ट जातो डेटा टीमला, चूक असते मूळ ॲपच्या टीमची, आणि दोघांचे साहेब वेगळे.

दरम्यान हा धंदा मोठ्यांच्या पोटात जातो आहे. डेटाबँड ही याच धंद्यातली कंपनी आपण घेतल्याचं आयबीएमने जुलै २०२२ मध्ये जाहीर केलं. एप्रिल २०२५ मध्ये मेटाप्लेन ही अशीच दुसरी कंपनी विकत घेतली ती डेटाडॉगने, जिचा मूळ धंदा सर्व्हरवरच्या देखरेखीचा.