रोबोटिक्स किट: कासव, विटा आणि पुस्तिका

उन्हाळ्याच्या सुटीत पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमधल्या नोटीस बोर्डावर पोहण्याच्या आणि चित्रकलेच्या वर्गाशेजारी हल्ली ‘रोबोटिक्स वर्कशॉप’ची जाहिरातही हमखास लागते. तिथं वापरतात त्या, यंत्र जोडून त्याला सूचना देऊन चालवायच्या किटच्या डब्यावर सर्जनशीलता, तर्कशक्ती असे भारदस्त शब्द असतात. ते शब्द उगाच चिकटवलेले नाहीत, त्यांना साठ वर्षांचा इतिहास आहे. डब्यात ते किती उतरतात, हा प्रश्न वेगळा.

जोडून बनवायच्या खेळण्यांचा इतिहास त्याहून जुना. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९०१ मध्ये भोकं पाडलेल्या धातूच्या पट्ट्या आणि नट-बोल्ट यांच्या संचाचं पेटंट घेतलं. तोच पुढे ‘मेकॅनो’ झाला. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत तशाच पट्ट्या ‘मेकॅनिक्स’ नावानं आल्या. क्रेन तयार व्हायची आणि शेवटचा नट सोफ्याखाली जायचा. पण ती क्रेन हातानंच फिरवायची. खेळण्याला सूचना देण्याची कल्पना आली ती गणितातून.

सेमूर पॅपर्ट हा मूळचा दक्षिण आफ्रिकेचा गणितज्ञ. जिनिव्हात त्यानं बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्याबरोबर काही वर्षं काम केलं आणि मग तो अमेरिकेत एमआयटी या तंत्रविद्यापीठात गेला. वॉली फ्यूरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांच्याबरोबर त्यानं १९६७ मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. पुढे त्या भाषेला जमिनीवर चालणारं यांत्रिक कासव जोडलं गेलं. कासव खोलीभर मोठ्या संगणकाला वायरनं बांधलेलं असे आणि पोटाखालच्या पेननं कागदावर रेघ ओढत जाई. मूल संगणकाला शिकवेल, संगणक मुलाला नव्हे, हा पॅपर्टचा आग्रह होता. शाळेत ‘एफडी १००, आरटी ९०’ (पुढे १००, उजवीकडे ९०) टाइप करून पडद्यावरचं कासव फिरवलेले आज तिशी-चाळिशीत असलेले कितीतरी जण या भाषेला ओळखतात. फक्त त्यांना ते बहुधा पाठ करायला लावलं होतं.

त्या कासवाची खरी गंमत त्रिकोणात आहे. चौकोन मुलांना पटकन जमतो. समभुज त्रिकोण काढायचा म्हटलं की पुस्तकात शिकलेलं ६० अंश आठवतं. मूल ‘पुढे १००, उजवीकडे ६०’ असं तीनदा देतं आणि आकृती उघडीच राहते. देतच राहिलं तर षट्कोन होतो. मग कुणीतरी उठतं, स्वतः फरशीवर कासवासारखं चालून बघतं, आणि लक्षात येतं की वळायचं असतं १२० अंशांत. चूक डोळ्यांसमोर जमिनीवर पडलेली असते, लाल शाईची गरज लागत नाही. चांगल्या किटचा सगळा गुण माझ्या मते इथंच आहे.

एकमेकांत बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटांची खेळणी बनवणाऱ्या डेन्मार्कच्या लेगो कंपनीनं ही कल्पना उचलली. १९८४ मध्ये कंपनीचे प्रमुख केल्ड कर्क क्रिस्टियनसन यांनी पॅपर्टला टीव्हीवर पाहिलं आणि पुढच्याच वर्षी एमआयटीच्या मीडिया लॅबशी संबंध जोडला. लेगोची मोटर आणि लोगोच्या सूचना एकत्र आल्या, पण यंत्राला अजून वायरची शेपूट होतीच. मीडिया लॅबमधल्या मिचेल रेझनिक, फ्रेड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकच विटेत बसवल्यावर ती तुटली. १९९८ मध्ये ‘माइंडस्टॉर्म्स’ बाजारात आलं. किंमत सुमारे २०० डॉलर, तुकडे सातशेच्या वर. नाव पॅपर्टच्या १९८० सालच्या पुस्तकावरून घेतलेलं.

माइंडस्टॉर्म्सच्या त्या पिवळ्या, संगणक बसवलेल्या विटेत सहा पेन्सिल सेल लागत. ‘दोन सेकंद उजवीकडे वळ’ सांगितलं की नव्या सेलवर गाडी काटकोनात वळे, आणि तासाभरानं सेल उतरले की त्याच सूचनेवर कमी वळे. प्रोग्रॅम तोच, भिंत मात्र वेगळी! मोटर किती अंश फिरली हे मोजणारा सेन्सर मोटरमध्येच आला तो २००६ च्या ‘एनएक्सटी’ या पुढच्या माइंडस्टॉर्म्स संचात. सोय झालीच, पण सेल उतरल्यावर डोकं खाजवण्याची एक संधी गेली.

दरम्यान मोठ्या माणसांनी विटेचं सॉफ्टवेअर उकलून स्वतःच्या भाषा तयार केल्या. खटले भरण्याऐवजी लेगोनं ते चालू दिलं, हा शहाणपणाच म्हणायचा.

शंका मात्र सुरुवातीपासून होत्या. न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजमध्ये रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी १९८० च्या दशकात तपासून पाहिलं, तर लोगो शिकलेली मुलं इतर कामांचं नियोजन करण्यात न शिकलेल्यांपेक्षा फारशी पुढे दिसली नाहीत. पॅपर्टचं म्हणणं असं, की संगणक एखाद्या औषधासारखा देऊन गुण आला का बघणं ही पद्धतच चुकीची. वाद अजून मिटलेला नाही. खुद्द पॅपर्टनं ‘माइंडस्टॉर्म्स’ पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहिलं होतं, की लहानपणी तो गिअरच्या प्रेमात पडला होता, पण दुसऱ्या मुलांना गिअर दिले म्हणून त्यांना तोच अनुभव येईल असं नाही. किट विकणारे हे वाक्य डब्यावर छापत नाहीत.

डब्यात असते ती पुस्तिका. माझ्या भाच्यानं वाढदिवसाला मिळालेलं किट दीड तासात जोडलं. चित्र बघायचं, तुकडा शोधायचा, दाबायचा. गाडी काळ्या पट्टीवरून चालली, टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी खिडकीतून ऊन आलं आणि गाडी पट्टी सोडून सोफ्याकडे निघाली. उन्हानं पट्टी ओळखणाऱ्या प्रकाश-सेन्सरचे आकडे बदलले होते, काळ्या-पांढऱ्यातली मर्यादा नव्यानं ठरवायला हवी होती. पण पुस्तिकेत त्याचं पान नव्हतं आणि तयार प्रोग्रॅम उघडून बघता येत नव्हता. शिकायची वेळ आली तेव्हा किट गप्प बसलं.

दुसरी अडचण आयुष्याची. प्लॅस्टिकच्या विटा पन्नास वर्षं टिकतात, त्या चालवणारं ॲप तेवढं टिकत नाही. लेगोनं २०२२ अखेर माइंडस्टॉर्म्सची विक्रीच थांबवली. इटलीतल्या इव्रिया गावी २००५ मध्ये तयार झालेला ‘आर्डुइनो’ हा मोटर-सेन्सर जोडायचा छोटा संगणक-बोर्ड उलट्या टोकाचा: आराखडा खुला, किंमत आवाक्यात, नक्कल करायला मोकळीक. पण आठ वर्षांच्या मुलासमोर ब्रेडबोर्ड (सुटे भाग खोचायची भोकांची पाटी) आणि जंपर वायरींचा गुंता ठेवला की ते तासभरात कंटाळतं. सोपं किट बंद आणि खुलं किट अवघड, ही ओढाताण अजून चालू आहे.

भारतात ही किटं मोठ्या प्रमाणावर शाळांत पोचली ती २०१६ नंतर, नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब या शाळांमधल्या कार्यशाळांमधून. निवडलेल्या शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान, त्यातले १० लाख उभारणीला आणि बाकीचे पाच वर्षांच्या खर्चाला. महाराष्ट्राला त्याआधीची एक वेगळी वाट माहीत होती. शिरूर तालुक्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून वेल्डिंग, शेती, बांधकाम करत शिकवलं. तिथंच २००२ मध्ये एमआयटीच्या मदतीनं फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीनं हव्या त्या वस्तू बनवायची कार्यशाळा, उभी राहिली. टाकाऊतून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी तर सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीच्या काड्या यांतून भूमिती उभी केली. त्यात काही हरवलं तर कुणी रागावत नाही.

किटमधलं हरवतं, आणि ते डेडस्टॉक रजिस्टरवर, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, असतं. मी पाहिलेल्या एका शाळेत म्हणूनच चांगली किटं कुलुपात होती आणि मुलांच्या हाती फक्त एक बिघडलेली निळी सर्वो मोटर (सांगितलेल्या कोनापर्यंत फिरणारी छोटी मोटर) होती. कुणीतरी हातानं पिळल्यामुळे आतले दात गेलेले. सातवीतल्या दोन मुलींनी चष्म्याच्या स्क्रू-ड्रायव्हरनं ती उघडली, एकेक पांढरं चाक कागदावर मांडलं, दात मोजले, आणि मोटर जोरात फिरूनही वरचा दांडा हळू का फिरतो यावर त्यांची मधली सुटी भांडणात गेली. सरांनी रजिस्टरात नोंद केली: सर्वो मोटर, नग १, नादुरुस्त, निर्लेखनासाठी प्रस्तावित.