वेलँडचा क्लिपबोर्ड: गुंता कुठून आला

क्लिपबोर्डचा रॅपर (आतला गुंता झाकणारा सोपा कोड) म्हणजे दोन फंक्शनं, एक कॉपीचं आणि एक पेस्टचं, असं धरून कोड लिहायला घेणारा लवकरच पाइप (दोन प्रोग्रामांमधली डेटाची नळी), कॉलबॅक (घटना घडली की बोलावलं जाणारं फंक्शन) आणि सिरियल नंबरांत अडकतो. शिव्या वेलँडला, म्हणजे लिनक्सवर प्रोग्रामच्या खिडक्या पडद्यावर आणणाऱ्या प्रोटोकॉलला, पडतात. निम्मा गुंता मात्र त्याच्या आधीचा आहे.

१९८७ साली आलेल्या एक्स११ या वेलँडच्या आधीच्या व्यवस्थेत कॉपी केलेला मजकूर पडदा सांभाळणारा सर्व्हर स्वतःकडे ठेवत नाही. ‘सिलेक्शन (निवडलेला मजकूर) माझ्याकडे आहे’ एवढंच प्रोग्राम जाहीर करतो आणि कुणी मागेल तेव्हा मजकूर देतो. मोंढ्यातल्या पावतीसारखा हा व्यवहार: पावती हातात, माल अजून आडत्याकडेच. कॉपी करून प्रोग्राम बंद केला की पेस्ट होत नाही, ते यामुळेच. ड्रॅग-अँड-ड्रॉपला तर मुळात सर्वमान्य नियमच नव्हता. एक्सडीएनडी नावाचा नियम नंतर आला आणि टिकला.

मराठीचा प्रश्न त्या काळातच सुरू होतो. मजकुराच्या ‘स्ट्रिंग’ या प्रकारात फक्त लॅटिन-१ (पश्चिम युरोपीय भाषांची) अक्षरं बसत, देवनागरीला त्यात जागा नव्हती. यूटीएफ८_स्ट्रिंग हा प्रकार पुढे जोडला गेला. लातूरच्या क्लासच्या प्रश्नपत्रिका टाइप करणाऱ्या डीटीपीवाल्याचं दुखणं मात्र वेगळं: जुन्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेले असत, त्यामुळे तो मजकूर युनिकोडच्या खिडकीत रोमन खिचडी होऊन उतरतो. तिथे क्लिपबोर्ड निर्दोष आहे. त्याने दिलेलं जसंच्या तसं पोचवलं.

वेलँडचं काम २००८ मध्ये सुरू झालं, १.० आवृत्ती २०१२ मध्ये आली. पावतीची पद्धत त्यानेही ठेवली, मजकुराच्या प्रकाराला माइमचं (इंटरनेटवर फाइलचा प्रकार सांगायला वापरतात ते) नाव दिलं आणि एक नियम घातला. वाद आहे तो याच नियमावर. कीबोर्डचा फोकस ज्या खिडकीवर, त्याच प्रोग्रामला क्लिपबोर्डवर काय आहे ते कळणार. आणि स्वतःचं काही ठेवायचं तर कळ दाबल्याचा किंवा क्लिकचा सिरियल नंबर दाखवावा लागणार. कारण साधं होतं. एक्स११ वर कोणताही प्रोग्राम पडद्याआड बसून कॉपी केलेला पासवर्ड वाचू शकत असे.

नियम बरोबरच होता. पण क्लिपबोर्डचा इतिहास ठेवणारी साधनं आणि कमांडलाइनवरची साधनं यांना खिडकीच नसते, मग फोकस कुठून आणायचा? डब्ल्यूएल-क्लिपबोर्डसारख्या साधनाने त्यावर तोड काढली ती अशी, की क्षणभर एक इवलीशी पारदर्शक खिडकी उघडायची, फोकस घ्यायचा आणि काम उरकून पसार व्हायचं. सुरक्षेसाठी केलेला नियम पाळायला अशी कसरत करावी लागत असेल, तर परवानगीचा सरळ रस्ता पहिल्या दिवशीच ठेवायला हवा होता. तो डेटा-कंट्रोल या नावाने पुढे आला, आधी एका कंपोझिटर (सगळ्या खिडक्या जुळवून पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम) घराण्यापुरता आणि मग सामाईक रूपात. सगळ्या कंपोझिटरांनी तो एकदम स्वीकारला नाही, म्हणून रॅपरमध्ये आजही दोन्ही वाटा लिहाव्या लागतात. माउसच्या मधल्या बटणाने पेस्ट करण्याची सोयसुद्धा वेलँडच्या गाभ्यातून वगळली होती. ती वेगळा प्रोटोकॉल म्हणून परतली आणि जवळपास तोच कोड दुसऱ्यांदा लिहायची वेळ आली.

ड्रॅग-अँड-ड्रॉपचं, म्हणजे ओढून टाकण्याचं, गणित २०१६ मध्ये वेलँडच्या १.१० आवृत्तीत सुधारलं. कॉपी, मूव्ह की विचारायचं, हे दोन्ही बाजूंना ठरवता येऊ लागलं आणि काम संपल्याचा निरोप स्रोताकडे जाऊ लागला. त्याआधी माल पोचला की नाही हे स्रोताला खात्रीने कळत नसे, त्यामुळे मूव्ह करून मूळ फाइल पुसणं म्हणजे जुगारच.

रॅपर लिहिणाऱ्याला सर्वांत जास्त रडवतो तो पाइप. घेणारा पाइप तयार करतो, लिहिण्याचं टोक कंपोझिटरमार्फत देणाऱ्याकडे पाठवतो आणि दुसऱ्या टोकाने वाचतो. विनंती फ्लश न करता (म्हणजे साठ्यातून लगेच पुढे न ढकलता) वाचायला बसलं तर समोरच्याला ती पोचतच नाही. लिहिण्याच्या टोकाची आपली प्रत बंद केली नाही तर मजकूर संपल्याचं कधी कळतच नाही. आणि आपलाच मजकूर आपल्याच खिडकीत पेस्ट केला, तोही एकाच थ्रेडमध्ये (एका वेळी एकच काम करणाऱ्या धाग्यात), तर वाचणारा देणाऱ्याची वाट पाहत बसतो आणि देणारा तोच असतो. म्हणून नीट लिहिलेला रॅपर आधी सिलेक्शन आपलंच आहे का ते पाहतो, आणि असेल तर पाइपच्या नादी न लागता मजकूर मेमरीतूनच देतो.