विसरलेला छेद

ऑगस्ट १९७९. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातून १६ वर्षांचा एक विद्यार्थी बेपत्ता झाला. विद्यापीठाच्या इमारतींखाली वाफेच्या नळांची भुयारं होती आणि मुलगा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळायचा. खेळाच्या नादात तो भुयारात गेला असावा, अशी शंका घरच्यांनी नेमलेल्या खासगी गुप्तहेराने बोलून दाखवली. वर्तमानपत्रांनी ती उचलून धरली. महिन्याभराने मुलगा लुईझियानात सापडला, पण तोवर खेळ देशभर बदनाम झाला होता.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ १९७४ साली आणला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. कुणी योद्धा होतो, कुणी मांत्रिक. एक जण गोष्ट रचत जातो, बाकीचे आपापल्या पात्राने काय करायचं ते ठरवतात आणि डाव साधला की फसला, हे बहुतेक वेळा २० बाजूंचा फासा सांगतो. नियमपुस्तकांत मंत्र होते, राक्षस होते. १९८०च्या एका पुस्तकात तर आपले इंद्र, अग्नी आणि विष्णूही लढाईच्या आकड्यांसकट छापलेले आहेत. अनेक कडव्या ख्रिस्ती प्रचारकांना मात्र यात खरीखुरी सैतानपूजा दिसली.

१९८२मध्ये व्हर्जिनियातल्या पॅट्रिशिया पुलिंग यांच्या मुलाने आत्महत्या केली. शाळेतल्या खेळात त्याच्या पात्राला शाप मिळाला म्हणून हे घडलं, अशी त्यांची खात्री पटली. न्यायालयात तो दावा टिकला नाही. मग त्यांनी संघटना काढली आणि खेळणाऱ्या मुलांच्या आत्महत्यांची यादी करायला घेतली. १९८५मध्ये 'सिक्स्टी मिनिट्स' या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमाने हा विषय घराघरांत नेला. पोटचं पोर गेलेल्या बाईला कारण हवं असतं, आणि त्याबद्दल तिला बोल लावायला माझं मन धजत नाही. यादी तपासून न पाहता पुढे सरकवणाऱ्यांना मात्र मी तेवढी सूट देणार नाही.

कारण तपासणं सोपं होतं. त्या काळी अमेरिकेत १५ ते २४ वयोगटात दर लाखामागे वर्षाला साधारण १२ आत्महत्या होत. या वयाचे ३० लाख खेळाडू धरले, तर खेळाचा काडीचाही परिणाम नसताना त्यांच्यात वर्षाला ३६० मृत्यू अपेक्षित आहेत. आणि प्रचारकांची यादी? अनेक वर्षांची मिळूनही ती काही डझनांपुढे गेली नव्हती. असेच खेळ लिहिणाऱ्या मायकेल स्टॅकपोल यांनी १९९०च्या आपल्या अहवालात या यादीची अशीच झाडाझडती घेतली. ती अपुरी असणार, हे मान्य. पण तिच्यावरून खेळ जीवघेणा ठरवता येत नाही. अंश मोजला, छेद विसरला.

मन असं का करतं? ट्वर्स्की आणि कानमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३मध्ये दाखवलं होतं, की जे उदाहरण चटकन आठवतं ते आपल्याला वारंवार घडणारं वाटतं. मेलेल्या मुलाच्या खोलीत सापडलेला फासा डोळ्यांसमोरून हलत नाही. तोच फासा खिशात घालून संध्याकाळी जेवायला घरी परतलेल्या लाखो मुलांची बातमी होत नाही. १९८७ सालच्या एका अभ्यासात खेळाडूंची भावनिक स्थिरता मोजली गेली; किती वर्षं खेळतात याचा तिच्याशी संबंध दिसला नाही.

दबाव तरीही कामी आला. १९८९च्या आवृत्तीतून 'डेमन' आणि 'डेव्हिल' हे शब्द गेले आणि त्या प्राण्यांना बनावट नावं मिळाली. भुयारातल्या मुलाला खरं काय सलत होतं, ते त्या गुप्तहेराने १९८४मध्ये सांगितलं: नैराश्य, एकटेपणा, अभ्यासाचं ओझं. मुलगा तेव्हा हयात नव्हता. त्याने १९८०मध्येच आयुष्य संपवलं होतं.