तांबडा डाग, गुरू ग्रहावरील

गुरूच्या दक्षिण गोलार्धात सुमारे २२° अक्षांशावर, ‘दक्षिण विषुववृत्तीय पट्टा’ या ढगांच्या गडद पट्ट्याच्या काठाला खेटून असलेले लंबगोल वादळ. ‘मोठा लाल ठिपका’ असाही त्याचा उल्लेख आढळतो. हवामानशास्त्राच्या परिभाषेत हा प्रत्यावर्त, म्हणजे आवर्ताच्या (चक्रीवादळाच्या) उलट प्रकारचा भोवरा आहे. त्याच्या मध्यभागी दाब जास्त असून वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. कडेला त्यांचा वेग ताशी ४०० किमी.हून अधिक असतो. उत्तरेकडचा आणि दक्षिणेकडचा असे परस्परविरुद्ध दिशांना वाहणारे वाऱ्यांचे दोन झोत या डागाला अक्षांशाच्या दृष्टीने जागीच धरून ठेवतात. रेखांशाच्या दिशेने मात्र तो सतत सरकत असतो.

डागाचे वय हा जुना वादविषय आहे. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी १६६४ मध्ये गुरूवर एक ठिपका पाहिला. अनेक पुस्तकांत शोधाचा मान त्यांना दिलेला असतो. पण तो ठिपका बहुधा वेगळ्याच पट्ट्यात होता. खगोलशास्त्रज्ञ जिओव्हानी दोमेनिको कास्सीनी यांची १६६५ पासूनची निरीक्षणे अधिक भक्कम आहेत. त्यांनी ज्याला ‘कायमचा डाग’ म्हटले, त्याच्याच आधारे त्यांनी गुरूचा परिवलनकाळ (स्वतःभोवती एक फेरी घेण्यास लागणारा वेळ) ९ तास ५६ मिनिटे काढला. आजच्या आकड्याशी ताडून पाहता त्यात जेमतेम अर्ध्या मिनिटाची चूक आहे. तेव्हाच्या दुर्बिणी लक्षात घेता ही कामगिरी थक्क करणारी आहे. हा डाग मधूनमधून दिसेनासा होई व पुन्हा प्रकटे. १७१३ नंतर त्याची नोंद सापडत नाही. इटालियन चित्रकार दोनातो क्रेती यांच्या १७११ च्या चित्रात गुरूवर तांबूस डाग रंगवलेला आहे. तो पुरावा म्हणून पुढे केला जातो, परंतु रंगाची जबाबदारी चित्रकाराच्या कुंचल्यावर टाकणे बरे.

त्यानंतर शतकाहून अधिक काळ काहीच हाती लागत नाही. १८३१ मध्ये जर्मन खगोलनिरीक्षक झामुएल हाइन्रिख श्वाबे यांच्या रेखाटनात पट्ट्याच्या काठावर एक खळगा दिसतो. आजही डाग अशाच खळग्यात बसलेला आहे. १८७८-७९ च्या सुमारास तो विटकरी होऊन सर्वांच्या नजरेत भरला. कास्सीनींचा डाग आणि आजचा डाग एकच, हे मत दीर्घकाळ प्रचलित होते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुन्या रेखाटनांवरून आकार व गती ताडून पाहिली असता दोन्ही डाग वेगळे असावेत असा निष्कर्ष निघाला. मधला खंड पाहता हेच मत सयुक्तिक वाटते. तसे धरल्यास आजच्या डागाचे वय किमान १९० वर्षे ठरते.

डाग आकसत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे ४०,००० किमी. होती. व्हॉयेजर ही दोन अवकाशयाने १९७९ मध्ये गुरूजवळून गेली तेव्हा ती सुमारे २३,००० किमी. भरली, तर २०१४ मध्ये हबल दुर्बिणीच्या छायाचित्रांवरून सुमारे १६,५०० किमी. तरीही ही लांबी पृथ्वीच्या व्यासापेक्षा (१२,७५६ किमी.) जास्तच आहे. जूनो यानाच्या मापनांवरून डागाची मुळे ढगांच्या माथ्यापासून ३०० ते ५०० किमी. खोल गेलेली असावीत.

रंगाचे कारण अनिश्चित आहे. उंचावरील अमोनिया व ॲसिटिलीन यांवर सूर्याच्या अतिनील किरणांची क्रिया होऊन तांबूस संयुगे बनत असावीत, हे एक स्पष्टीकरण.

पंधरा-वीस सेंटीमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून हवा स्थिर असलेल्या रात्री डाग दिसतो. छायाचित्रांतला भडक रंग मात्र डोळ्यांना दिसत नाही. फिकट गुलाबी लंबगोल तेवढा दिसतो, आणि पुष्कळदा त्याआधी भोवतालचा खळगाच ओळखू येतो. डाग गुरूच्या दिसणाऱ्या तबकडीच्या मध्यरेषेवर येण्याच्या आगेमागे तासभर पाहावे. त्यानंतर ग्रहाच्या वेगवान परिवलनाबरोबर तो कडेकडे सरकतो.