जहाजाच्या बुडावरचे बिऱ्हाड: तांबे ते सिलिकोन

समुद्रात सोडलेला पृष्ठभाग कोरा राहत नाही. काही मिनिटांत त्यावर सेंद्रिय रेणूंचा थर बसतो, काही तासांत जिवाणू येतात, बुळबुळीत साय धरते. काही नळकृमींच्या (नळीत राहणाऱ्या सागरी कृमींच्या) अळ्या तर ही साय असल्याशिवाय मुक्कामच ठोकत नाहीत.

सर्वांत चोखंदळ बार्नेकलची, म्हणजे खडकांना-जहाजांना कायमच्या चिकटणाऱ्या कवचधारी जिवाची, अळी. सहा अवस्था पार केल्यावर ती सायप्रिड होते: जेमतेम अर्धा-एक मिलिमीटर, आणि खाणे बंद. साठवलेली चरबी संपायच्या आत जागा ठरवायची असते. दोन शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) आळीपाळीने टेकत ती चालते, पावलागणिक चिकट ठसा सोडते, जागा पटली नाही तर उठून जाते. पटली की आधी तेलकट द्रव सोडून पाणी हटवते, मग प्रथिनांचा चिकटा ओतते. त्यानंतर माघार नाही. मसल हा शिंपल्यातला जीव मात्र धाग्यांनी बांधलेला असतो. ते सोडून तो दुसरीकडे सरकू शकतो.

ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या लाकडी बुडाला तांब्याचे पत्रे ठोकले. १७६३ च्या तपासणीत तांबे स्वच्छ निघाले, पण लोखंडी खिळे गंजून झिजलेले. जिथे पत्र्याखालचा तपकिरी कागद चुकून राहिला होता, तिथे तांब्याचा स्पर्श टळल्याने खिळे शाबूत होते! पुढे तांब्याची झीज रोखायला रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये लोखंड-जस्ताचे तुकडे जोडले. पत्र्याच्या १/१५० क्षेत्रफळाचा तुकडाही पुरला. झीज थांबली आणि बुडावर बार्नेकल माजले. तांबे विरघळते म्हणूनच काम करते, हा या विषयातला सर्वांत मोलाचा धडा अपयशातूनच मिळाला.

लोखंडी जहाजांवर तांब्याचा पत्रा थेट चालेना, कारण लोखंडच गंजे. म्हणून विष रंगात कालवले गेले. १९६० च्या दशकात आलेला ट्रायब्युटिल टिन (कथिलाचे संयुग) सर्वांत जालीम ठरला, पण फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरात कालवांचे शिंपले जाड, बेढब होऊ लागले. १९८२ मध्ये फ्रान्सने २५ मीटरपेक्षा लहान होड्यांवर त्याला बंदी घातली. जहाजांच्या रंगात असे कथिलाचे विष वापरायला बंदी घालणारा २००१ चा आंतरराष्ट्रीय करार २००८ मध्ये अमलात आला.

विषाला एक पर्याय म्हणजे सिलिकोनचा लेप. तो जीव मारत नाही, फक्त पकड सैल ठेवतो. वेग घेतला की बिऱ्हाड गळून पडते. साय मात्र बरीचशी टिकते. शिवाय लेप मऊ असल्याने ओरखडे पडतात, आणि बंदरात दीर्घकाळ उभ्या जहाजावर त्याचा फारसा उपयोग होत नाही.